गाडीचा वाळा

आमच्या यजमानांनी लिलावातून गाडी आणली आणि आठवड्याभरात सगळ्या जठारपेठेची समजूत झाली की वकिलाची बायको गाडी चालवते. त्यात लोकांची काही चूक नव्हती. गाडी परदेशी, तिचं चाक डाव्या बाजूला. यजमान डावीकडे बसून ती चालवत आणि मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, मांडीवर पिशवी घेऊन नुसती बसलेली. समोरून येणारे टांगेवाले माझ्याकडे बघून लांबूनच टांगा बाजूला घेत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गाडी म्हणजे पिकअप, पुढे तिघांपुरती बैठक आणि मागे उघडा हौदा. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनियर काम संपवून मायदेशी गेला आणि त्याचं सामान लिलावात निघालं, त्यातली ही. यजमान अकोल्यात वकिली करत, पण घरची शेती चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात होती. तिथून संत्री आणायला, धान्य आणायला गाडी उपयोगी पडेल, असा त्यांचा युक्तिवाद. त्या वर्षी तिच्यातून संत्र्याची एक टोपलीही आली नाही. त्यांनी गाडी घेतली ती खिडकीतल्या तोफेसाठी, आणि तोफ माझ्यासाठी. हे ते कधी बोलले नाहीत. वकील माणूस, जे सिद्ध करावं लागेल ते आधी बोलत नाही.

तोफ हे नाव गल्लीनं ठेवलेलं. माझ्या बाजूच्या खिडकीला बाहेरून पत्र्याचं एक आडवं पिंप लटकवलेलं होतं, तोंड पुढच्या बाजूला उघडं. आत लाकूड तासून काढलेल्या, केसासारख्या बारीक सालप्यांची गुंडाळी आणि तळाला चारेक शेर पाणी. गाडी पळायला लागली की वारा पिंपात घुसायचा आणि ओल्या गुंडाळीतून गार होऊन आमच्या अंगावर यायचा. गुंडाळी वाळली की आत लोंबणारी दोरी ओढायची, म्हणजे ती फिरून पुन्हा पाण्यात बुडायची. ना मोटर, ना बॅटरी. आमच्या पुण्याला माठात वाळा टाकायचे, ती गुंडाळी मला त्याच्यासारखीच दिसायची, म्हणून मी तिला वाळाच म्हणायची. 'दोरी ओढ' म्हणायच्या ऐवजी आम्ही 'वाळा भिजव' म्हणत असू. हा शब्द पुढे मला किती महागात पडणार होता, नव्हे, किती स्वस्तात, ते तेव्हा कुठं ठाऊक होतं?

आता आदल्या वर्षाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आदल्या मे महिन्यात मला सातवा चालू होता. अमरावतीला यजमानांच्या नात्यात लग्न होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, या दिवसांत नको येऊ, घरीच राहा. मी हट्टाने गेले, बसने, भर दुपारी. मला नवी साडी नेसायची होती, एवढंच कारण. तिसऱ्या दिवशी अमरावतीच्याच इस्पितळात मूल गेलं, जन्मायच्या आधीच. मुलगा होता. नंतर मी सासूबाईंच्या घरी खेड्यावर महिनाभर पडून होते. एका दुपारी शेजारची बाई येऊन बसली होती, आणि भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "घाई केली. एवढं सांगतलं, तरी आयकलं नाई." बस्स, इतकंच. पण मला ते पुरलं. मी कुशीवर वळले आणि ते वाक्य वर्षभर माझ्याबरोबर राहिलं.

सासूबाई कमी बोलायच्या, आणि बोलल्या तर पुण्याच्या कानाला ते खडे फेकल्यासारखं लागायचं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेती त्याच बघत. गडीमाणसांपासून तलाठ्यापर्यंत सगळे त्यांना वचकून असत. त्या महिन्यात त्यांनी माझं सगळं केलं, डोक्याला तेल लावण्यापासून सगळं, पण माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. मी अकोल्याला परतले तेव्हाही उंबऱ्याशी उभ्या होत्या, नजर बैलांकडे. मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडून घेतलं, हरले, आणि कबूल केलं की दोष माझाच आहे. त्यानंतर वर्षभरात मी एकदाही खेड्यावर गेले नाही. काही ना काही निमित्त काढायची.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, पाचवा संपेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. आदल्या खेपेला सगळ्या गावाला आधी सांगितलं होतं आणि नंतर त्याच सगळ्यांना दुसरं सांगावं लागलं होतं. ते पुन्हा नको. अमरावतीच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे महिन्याच्या महिन्याला जायचं, सकाळी निघून त्याच दिवशी परत यायचं. मुक्काम केला तर नातेवाइकांकडे करावा लागणार, आणि नातेवाइकांकडे गेलं की तोंड बघूनच बायकांना कळतं. म्हणून गाडी, म्हणून तोफ. मार्चात गेलो, एप्रिलात गेलो, गार वाऱ्यात बसून, राणीसारखी. मेमध्ये चौथा महिना संपत आला होता. गुरुवारची वेळ ठरली आणि त्याच्या अकरा दिवस आधी तोफ बंद पडली.

बंद पडली म्हणजे काय, तर दोरी ओढली आणि गुंडाळीचा भुगा होऊन तो माझ्या तोंडावर उडाला. नाकात, डोळ्यात, केसांत कुजलेला भुसा. यजमान गाडी थांबवून हसायला लागले. मी हसले नाही. मागच्या मेमधली ती बस मला आठवली, तिच्या खिडकीची तापलेली कड, आणि मी तिथंच रस्त्यात सांगून टाकलं की तोफ नसेल तर मी अमरावतीला जाणार नाही.

स्टेशनच्या बाजूला एक गॅरेज होतं. त्या मिस्तरीने पिंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत हात घातला, हाताचा वास घेतला आणि सांगितलं की आतली मोटर जळाली. मोटर मुळात नाहीच, असं यजमान म्हणाले. त्यावर तो म्हणाला, तेच तर, पार जळून गेली. नवी मुंबईहून मागवावी लागेल, महिना लागेल, दोनशे रुपये पडतील आणि मजुरी वेगळी. दोनशे रुपयांत त्या काळी आमचं घर दीड महिना चालायचं. वर पिंप उतरवून बघण्याचे दहा रुपये त्याने तिथल्या तिथे घेतले. कोर्टात समोरच्या वकिलाला घाम फोडणारा माझा नवरा तिथं गुपचूप पाकीट काढून उभा राहिला. मोटारीचं बॉनेट उघडलं की भल्या भल्या पुरुषांची मती जाते, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ते पिंप टांग्यात घालून खसच्या ताट्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे नेलं. उन्हाळ्यात अकोल्यात दारंखिडक्यांना ताट्या लागतात, त्यांवर पाणी मारलं की खोली गार होते. आमच्या घरी यजमानांच्या कचेरीच्या खोलीला जी ताटी होती ती याच चाचांनी बांधलेली. त्यांनी पिंप मांडीवर घेतलं, तांब्याभर पाणी ओतलं, हाताने दोरी फिरवून पाहिली आणि मिशीतल्या मिशीत हसले. "बाई, हे मशीन नाई," ते म्हणाले. "हे तं ताटीच हाये. तुमच्या खिडकीची चपटी, हे गोल." मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांच्या ओट्यावर बसकणच मारली. आत नवं गवत भरलं की झालं, बांधायचा रुपया द्या, म्हणाले. फक्त गवत नव्हतं. हंगामाचा सगळा माल बांधून संपला होता, नवा यायला पंधरा दिवस तरी लागणार होते. आमचा गुरुवार त्याच्या आधी होता.

तेव्हा मला सासूबाईंच्या शेतातला नाला आठवला. त्याच्या काठाला हे गवत आपसूक वाढायचं. त्याची मुळं खणून, धुऊन, जुड्या बांधून त्या आढ्याला टांगून ठेवायच्या. नेहमी खेड्यावर पत्र यजमानच लिहीत. त्या दिवशी ते कोर्टात होते, म्हणून मीच कार्ड लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, कारण पुढे तो मला अनेकांनी ऐकवला. 'तीर्थस्वरूप सासूबाईंस सा. न. वि. वि. येथे वाळा मिळत नाही. होता तो निकामी झाला. जुना आता नको. नवा असेल तर लवकर पाठवावा. या दिवसांत त्यावाचून चालणार नाही. पुढच्या गुरुवारी अमरावतीस जायचे आहे. उन्हाचा फार त्रास होतो. आपली,' वगैरे.

आता पुण्यात वाळा म्हणजे दोन गोष्टी. एक हे सुगंधी गवत आणि दुसरा तान्ह्या मुलाच्या पायात घालायचा चांदीचा. बोलण्याच्या ओघात कोणता ते आपोआप कळतं. पण वऱ्हाडात गवताला सगळे खस म्हणतात. खेड्यावर तर खस सोडून दुसरा शब्दच नाही. तिथं वाळा म्हणजे वाळाच, पायातला. मी दोन वर्षं वऱ्हाडात राहून, रोज खस खस ऐकून, ऐन वेळी माहेरचा शब्द लिहिला.

सोमवारी भर दुपारी दारात टांगा थांबला आणि सासूबाई उतरल्या. एकट्या. पहाटे खेड्यावरून बैलगाडीने निघून, चांदूर बाजारहून बस धरून, अमरावतीला दुसरी बस बदलून आल्या होत्या. उन्हाची लू लागू नये म्हणून पदराच्या गाठीला कांदा बांधलेला, चेहरा तापून तांबडा झालेला. गेल्या वर्षभरात त्या अकोल्याला आल्या नव्हत्या. मी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला, पुसला, पालथा घातला आणि मला समोर बसायला सांगितलं. यजमान कोर्टात होते. घरात आम्ही दोघीच.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

मी थक्क झाले. यांना कोणी सांगितलं? पण त्या नजरेपुढे खोटं बोलणं शक्य नव्हतं. चौथा संपत आला, असं मी सांगितलं.

"वाळे नाई आनले म्या," त्या म्हणाल्या. "तू कितीबी कारडं धाड. राग येईन तं येऊ दे. या वक्ताले म्या आधी काही करनार नाई. लेकरू हातात आलं का मंग."

मला काही कळेना. वाळे कसले, मी कशाला मागेन. पण त्या थांबल्या नाहीत. एकदा धरण फुटावं तशा बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता, पदराची ती कांद्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत. आदल्या वर्षी मला सातवा लागला तेव्हा त्यांनी चांदूर बाजारच्या सोनाराकडे जाऊन नातवासाठी वाळे घडवले होते. मूल जन्मायच्या आधी त्याचं काही करू नये, असं चार बायकांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना धीर धरवला नाही. सोनाराच्या दुकानात बसून, समोर घडवून घेतले. मी हट्टाने येणारच हे ओळखून, लग्नघरी मला दाखवावे म्हणून अमरावतीला कमरेच्या पिशवीत घालून आणले होते. ते दाखवायचे राहिले.

"म्या घाई केली," त्या म्हणाल्या. "एवढं सांगतलं, तरी आयकलं नाई."

तेच वाक्य. भिंतीपलीकडून ऐकलेलं तेच. आपल्या भाषेत 'घाई केली' म्हणताना कोणी केली हे सांगावं लागत नाही. मी केली, तिने केली, क्रियापद तेच राहतं. तिथं मी स्वतःला बसवून घेतलं होतं आणि त्या जागी बसलेल्या होत्या त्या. वर्षभर मला वाटत होतं की त्या माझं तोंड बघत नाहीत, आणि त्यांना वाटत होतं की आपण मला तोंड दाखवायच्या लायकीच्या नाही. एका घरात दोन बायका एकाच गुन्ह्याची शिक्षा वेगवेगळ्या भोगत होत्या आणि गुन्हा तर कुणीच केला नव्हता.

मी रडले. चांगली हमसून रडले. त्यांना सांगितलं, की हट्ट मी केला होता, बसने मी गेले होते, मला साडी मिरवायची होती. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या जणू मी परमुलखातली भाषा बोलते आहे. मग त्यांनी मला जवळ ओढलं. अंगाला धुळीचा, घामाचा आणि कांद्याचा वास येत होता. त्या वेळी मला जे वाटलं त्याला सुटका हाच शब्द आहे, दुसरा नाही. छातीवरून कोणी जातं उचलून नेलं.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, की त्या वाळ्यांचं काय केलं. मला वाटलं मोडले असतील.

"ते नाई मोडले," त्या म्हणाल्या. "ते त्याचे हायेत."



मग त्यांनीच कनवटीतून माझं कार्ड काढलं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी ते ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं होतं, म्हणजे निम्म्या गावाला ऐकवलं होतं. एवढ्या जपून ठेवलेल्या गुपिताची मीच स्वतःच्या हाताने दवंडी पिटली होती. 'होता तो निकामी झाला, जुना आता नको' हे ऐकून, मला त्या वाळ्यांचं कुठूनतरी कळलंय असं समजून, सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. एकच वाळा का मागते, एवढंच त्यांना कोडं पडलं होतं. पुण्याचे लोक काटकसरीचे, कार्डावर जागा वाचवत असतील, असं म्हणे मास्तरांनी समजावलं.

"पण सासूबाई, मी वाळा गाडीसाठी मागितला होता," मी म्हणाले.

"गाडीले काहून वाळा?"

"वारा गार यावा म्हणून. ते गवत नाही का, आपण माठात घालतो ते. नाल्याच्या काठचं."

"खस?"

"हो."

"मंग खस म्हन ना, पोरी."

आणि मग त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मध्येच थांबायच्या, 'गाडीले वाळा' म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. मलाही हसू आवरेना. रडणं आणि हसणं एकाच बैठकीत उरकलं.

खस मात्र त्यांनी आणलेली नव्हती. आणतील कशाला? बिचाऱ्या नकार द्यायला आल्या होत्या. मी सगळं सांगितलं, तोफेचं, मिस्तरीच्या जळालेल्या मोटरचं, दोनशे रुपयांचं, चाचांच्या संपलेल्या मालाचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या, यजमानांच्या कचेरीच्या खोलीत गेल्या आणि तिथून हाक मारली. मी जाऊन बघते तर त्या खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अन् हे काय लटकून राहिलं?" त्यांनी विचारलं.

खिडकीला चाचांची ताटी होती. पुरुषभर उंच, हातभर रुंद, त्याच उन्हाळ्यात बांधलेली, ओली, घमघमणारी. आठवडाभर आम्ही दोघं शिकलेली माणसं त्या ताटीच्या गार वाऱ्यात बसून खस कुठं मिळेल याची काळजी करत होतो. यजमानांच्या डोक्यात आलं नाही, कारण ती पक्षकारांसाठी होती. माझ्या डोक्यात का आलं नाही, याला मात्र कारण नाही. चाचांच्या तर नक्की आलं असणार, पण स्वतः बांधलेली ताटी फोडा, असं कोणता कारागीर सांगेल?

आम्ही ती उतरवली. सासूबाईंनी विळीवर सुतळ्या कापल्या, मी गवत मोकळं केलं. संध्याकाळी यजमान एका पक्षकाराला घेऊन घरी आले तेव्हा कचेरीची खिडकी उघडी पडली होती, खोलीत भट्टी पेटली होती आणि जमिनीवर त्यांची आई आणि बायको गवताच्या ढिगात बसून खिदळत होत्या. पक्षकाराने बाहेरच्या बाहेर रजा घेतली. यजमान म्हणाले, की ही ताटी धंद्याची होती. सासूबाई म्हणाल्या, तुझा धंदा आता हाच आहे. यजमानांनी टोपी खुंटीला लावली आणि सुतळी धरायला खाली बसले.

दुसऱ्या दिवशी चाचांनी रुपया घेऊन गुंडाळी बांधून दिली. आपली ताटी ओळखली, आणि वर दोरीला पितळेची नवी कडी फुकट बसवून दिली.

गुरुवारी आम्ही तिघं निघालो. चाकावर यजमान, मध्ये मी, आणि खिडकीला, तोफेच्या तोंडाशी, सासूबाई. दोरी त्यांनी हातात घेतली ती अमरावतीपर्यंत सोडली नाही. बाहेर पांढरं ऊन, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, आणि आत खसचा गार वास. मूर्तिजापूरच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली तसा वारा थांबला, दोन मिनिटांत आत जाळ व्हायला लागला. सासूबाईंनी मुलाला फर्मावलं, नुसता बसू नको, गाडी मागं घे आणि पुढं आण. मालगाडी जाईपर्यंत, कोर्टात लोक ज्याला साहेब म्हणत तो माणूस फाटकासमोर शंभर पावलं मागे, शंभर पावलं पुढे अशी गाडी पळवत राहिला. रांगेतले बैलगाडीवाले खाली उतरून बघायला लागले. एकाने दुसऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, ती म्हातारी गाडी चालवून राहिली. माझा मान गेला तो असा.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सगळं उत्तम आहे असं सांगितलं. मी उठून पदर सावरत होते तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "बाई, आधी चांदी घडवल्यानं असं होते का?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी कपाटातून आदल्या वर्षीचा कागद काढला, वाचला आणि म्हणाल्या, नाळेचा पीळ बसला होता, तो कोणाच्या करण्याने बसत नाही. चांदीने नाही, बसने नाही, उन्हानेही नाही. हे त्यांनी तेव्हाही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा ऐकायला कोणाचे कान जाग्यावर होते?

परतीच्या वाटेवर ऊन सकाळपेक्षा कडक होतं. मला त्याची आठवण नाही, कारण बडनेरा मागे पडायच्या आत मी सासूबाईंच्या खांद्यावर झोपले होते. यजमान सांगतात, की अकोला येईपर्यंत त्या एका हाताने दोरी ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने माझं डोकं धरून होत्या. मला जागं करू नये म्हणून खड्डा आला की नुसता डोळ्याने इशारा करायच्या.

त्या पुढे महिनाभर आमच्याकडे राहिल्या. गॅरेजवरून जाताना दर वेळी गाडीची काच खाली करून त्या मिस्तरीकडे टक लावून बघायच्या. दहा रुपये त्यांनी कधी विसरू दिले नाहीत, त्याला नाही आणि त्यांच्या मुलालाही नाही. कचेरीला नवी ताटी आली ती मृग लागल्यावर, काही कामाची राहिली नसताना.

दिवाळीच्या आसपास मुलगी झाली, वेळेवर, नीट, आणि पहिल्या श्वासापासून भांडखोर. बाळंतपणाला सासूबाई पुन्हा येऊन राहिल्या होत्या; त्या दिवसापर्यंत त्यांनी घरात साधं दुपटं शिवू दिलं नव्हतं. माझ्या आईने पुण्याहून पाठवलेलं टोपडंसुद्धा त्यांनी पोस्टाच्या पुडक्यात तसंच ठेवलं होतं, गाठ न सोडता. मुलीच्या रडण्याचा आवाज ऐकल्यावर त्यांनी स्वतः ती गाठ दाताने सोडली, असं सुईणीने मला सांगितलं. मग त्या खेड्यावर गेल्या आणि बाराव्या दिवशी बारशाला परत आल्या.

पाळण्याशी बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी पिशवीतून एक पंचा काढला. पंच्याच्या आत खसची एक जाड जुडी होती, नाल्याच्या काठची, धुतलेली, इतकी ताजी की तिचा वास खोलीभर झाला. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवून सुतळी सोडली. आत, गवताच्या पोटात, चांदीचे दोन नवे वाळे होते.

"घे," त्या म्हणाल्या. "आता तुले काय म्हनाचं ते म्हन."